मायाबाईचे बारा आहेर

आमच्या शेजारच्या मारबते वकिलांना तुम्ही सांगितलंत की रात्री पाऊस पडला, तर ते अंगणातल्या चिखलात उभे राहून विचारतील, "लेखी हाय का?" कोणाचा मुलगा पास झाला, लेखी हाय का. कोणाची म्हैस व्याली, लेखी हाय का. माझ्या सासूबाई आजारी असल्याचं सांगितलं तेव्हाही त्यांनी हेच विचारलं आणि माझी बायको आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

माजरीच्या कोळसा खाणीजवळच्या आमच्या वस्तीत सगळे त्यांना वकीलभाऊ म्हणत. तळ्यात मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरातले ते पहिले वकील. वय चाळिशीपुढचं, संसार एकट्याचा, वाहन लुना. कोर्टात निघण्याआधी तळ्यावर एक फेरी व्हायचीच, त्यामुळे काळ्या कोटाला मासळीचा वास येई. न्यायाधीशांना तो सवयीचा झाला होता म्हणतात.

त्याच वस्तीत मायाबाई राहायची. नेपाळातून नवऱ्याबरोबर आलेली. नवरा गोदामावर पहारेकरी होता. तो वारला, मूलबाळ नव्हतं, बाई इथंच राहिली आणि अंगणवाडीत तात्पुरती मदतनीस झाली. पुढे कायम करायची वेळ आली तेव्हा कागद मागितले गेले, आणि जिच्या हातची खिचडी खाऊन वस्तीतली निम्मी पोरं मोठी झाली ती बाई परदेशी निघाली. नागरिकत्वाचा दाखला आणा, नाहीतर जागा दुसरीला जाईल, असं तिला सांगण्यात आलं.

"मंग मी सकाळी उठून खिचडी कोनाले घालू?" एवढंच ती म्हणाली.

वकीलभाऊंना तर ऐन दुष्काळात तळं सापडावं तसं झालं. "देशीयकरण, गुरुजी! परदेशी मानसाले कायद्यानं इथला नागरिक करता येते. बारा वर्षं इथी राह्यल्याचा पुरावा पायजे, बस." उत्साहाच्या भरात ते स्टँडवर लावलेल्या लुनाचं पायडल मारत राहिले.

भारतातली एक भाषा येते असाही दाखला लागत होता. तो मी द्यायचा होता, शाळामास्तर म्हणून. मी मायाबाईला वर्तमानपत्र दिलं. तिने अग्रलेख घडाघडा वाचला आणि म्हणाली, "गुरुजी, हे लोक असे काऊन बोलते?" मी दाखला दिला.

घोडं अडलं ते बारा वर्षांवर. नवऱ्याने जपलेले सगळे कागद ज्या पेटीत होते ती वाळवीने फस्त केली होती. वकीलभाऊ सुतकी चेहऱ्याने आमच्याकडे आले, पाणी मागितलं, पेला तोंडाला लावला आणि तसेच थांबले. पेल्यावर कोरलं होतं, 'मायाबाई थापा, माजरी यांजकडून', खाली तारीख. माझ्या मुलाच्या बारशाचा आहेर.

"लेखी हाय," ते पुटपुटले. उरलेलं पाणी माझ्या वहीवर सांडलं.

पुढचे चार दिवस वस्तीत चैन नव्हतं. मायाबाई कोणाच्याही लग्नाला, बारशाला स्वयंपाकाला उभी राही आणि जाताना नाव घातलेलं एक भांडं ठेवून जाई. वकीलभाऊ घरोघरी फिरून भांडी उलटीपालटी करू लागले. "बाई, लोनचं काढून घ्या, पुरावा अडकला हाय." एका परातीत कोंबडी उबवायला बसली होती, तिला त्यांनी स्वतः टोपलीत हलवलं आणि दोन ठिकाणी टोच खाल्ली. एक डबा नवरीबरोबर कोरपन्याला गेला होता, तो लुनावरून आणला. प्रत्येक भांड्याची पावती दिली. मीही शाळा सुटली की त्यांच्यामागे पळत होतो. इतकी मजा मला वर्षानुवर्षांत आली नव्हती.

अकरा वर्षं जमली. मधलं एक सापडेना.

"त्या साली कोणाला दिलंस?" मी मायाबाईला विचारलं.

"आठवत नाई, गुरुजी." ती तांदूळ निवडत राहिली. जिला पोरांचे जन्मवार पाठ, तिला हे आठवेना.

"अकरा चालते," वकीलभाऊ घाईने म्हणाले. या माणसाच्या तोंडून 'चालते' ऐकून मी चाटच पडलो.

चौकशी तालुक्याच्या कचेरीत होती. आम्ही दोन पोती भांडी घेऊन आत शिरलो. शिपाई म्हणाला, "साहेबाकडे लगन हाय काय?" साहेब लालबुंद होऊन बाहेर आले, "मी असलं काही घेत नाही, उचला." सगळा प्रकार कळल्यावर मात्र ते पोट धरून हसले. कारकुनाने भांडी सालवार मांडली. साहेब एकेक वाचत गेले आणि मधल्या रिकाम्या जागेशी थांबले.

"या वर्षी बाई नेपाळात परत गेली नव्हती कशावरून?"

मायाबाईने मान खाली घातली. "राहू द्या, साहेब. नोकरी नाई भेटली तर नाई."

वकीलभाऊ तिच्याकडे बघत राहिले. मग उठून बाहेर गेले. लुना सुरू झाल्याचा आवाज आला.

दीड तासाने ते परतले. काखेत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, कोरा करकरीत, पाणी भरायचा स्टीलचा गुंड. कारकुनाने मोठ्याने वाचलं, "चि. शंकर मारबते व चि. सौ. कां. वनमाला यांस, मायाबाई थापा यांजकडून." तारीख त्याच सालची.

"म्हणजे तुमच्याच लग्नातला," साहेब म्हणाले.

"लगन नाई झालं, साहेब. मामाच्या गावी होतं, वस्तीत फक्त बाईले म्हाईत होतं. बाई दोन दिवस आधी सयपाकाले आली होती, तवाच देल्ला. आदल्या दिवशी पोरीकडचे फिरले. मी समद्याइचे आहेर वापस केले. हे बाई घेत नव्हती. म्हणे, ठेवा भाऊ, उद्या कामी पडन." त्यांनी गुंड रिकाम्या जागेत ठेवला. "लगन झालं नाई. पण बाई त्या साली इथीच होती. तेवढं लिवून घ्या."

कारकुनाने लिहून घेतलं. मला वर बघवेना. इतकी वर्षं मी या माणसाच्या शेजारी राहिलो, त्याच्या नकला केल्या, आणि तो एकटा का, हे एकदाही विचारलं नव्हतं. मायाबाईला सगळं ठाऊक होतं. वकीलभाऊंची लाज चारचौघांत उघडी पडू नये म्हणून ती आपली भाकरी सोडायला निघाली होती.

प्रमाणपत्र यायला पुढे बराच काळ गेला. पण आलं, आणि बाई अंगणवाडीत कायम झाली.

चौकशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर गेलो, तर रांगेत वकीलभाऊ उभे, हातात तो गुंड. एरवी ते प्लास्टिकची बादली आणत. मायाबाईचा नंबर लागला होता. तिने आपली घागर नळाखालून बाजूला घेतली.

"आधी तुमचा भरा, भाऊ," ती म्हणाली.