यादीतला सतरावा नग

सोपानभाऊंशी कुठल्याही वस्तूचा भाव करायचा असेल, तर आधी त्यांच्यासमोर एक जपानी गाणं म्हणावं लागतं. पूर्ण. मधलं कडवं गाळलेलं चालत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. तळेगाव दाभाड्यात माझं जुन्या सामानाचं दुकान आहे. पत्र्याच्या टपरीत सुरू केलं, आज दोन गाळे आहेत, आणि ते कुणाच्या मेहेरबानीने झालेले नाहीत. भाव करण्यात मला अख्ख्या मावळात कुणी हरवलेलं नव्हतं. कार्ल्याच्या या निवृत्त ड्रायव्हरने मात्र मला तीन वर्षं दर रविवारी हरवलं, तेही खाटेवर बसवून, चहा पाजून.

आधी माझी तक्रार ऐका. आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांत जपानी साहेब येतात, काही वर्षं राहतात आणि परत जातात. जाताना घरातलं सगळं विकून जातात. ते उचलणं हा माझा धंदा. लोणावळ्यातल्या एका बंगल्यातलं सामान मी असंच एकगठ्ठा ठरवलं. यादी केली. सतरा नंबरला कराओके मशीन. टीव्हीला जोडायचं, माइक हातात घ्यायचा, मागे वाद्यं वाजतात, पडद्यावर गाण्याचे शब्द सरकतात आणि आपण गायचं. साहेबांनी ते माझ्यासमोर लावून दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन गेलो, तर सोळा नंबर आहे, अठरा नंबर आहे, सतरा गायब! साहेबांनी निघता निघता ते आपल्या ड्रायव्हरला भेट देऊन टाकलं होतं. साहेब विमानात. भांडू कुणाशी?

ड्रायव्हरशी. म्हणून कार्ल्याला गेलो.

"यादीत आहे," मी कागद त्यांच्या नाकासमोर धरला.

"आसंल," सोपानभाऊ म्हणाले. "यादी तुमची, मशीन माजं. बसा शेठ. च्या टाकतो."

मशीन कोपऱ्यातल्या ट्रंकेवर होतं, वर भरतकाम केलेला रुमाल. लोणावळ्याचा एक रिसॉर्टवाला अशा मशीनसाठी माझ्या मागे लागला होता, म्हणून मी सरळ भावावर आलो. सोपानभाऊंनी हात वर केला, वाहतूक पोलिसासारखा.

"भावाचं बोलू की. पर आदी गाणं, मंग शब्दांचा एक डाव. तुमी जिकला की भाव."

आता हा माणूस कसा, ते सांगतो. उंच, वाळका, घरातसुद्धा ड्रायव्हरचा पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. त्यांनी अठरा वर्षं तीन जपानी साहेबांची गाडी चालवली. खंडाळ्याच्या घाटात गाडी अडकली की साहेब लोक गाणी म्हणत आणि भाऊंनाही म्हणायला लावत. थोरले साहेब जुन्या काळातले. त्यांची गाणी संथ, बंदरावरची, धुक्यातली. मधले साहेब चुटक्या वाजवत झगमगाटाच्या काळातली गाणी म्हणायचे. धाकटे, म्हणजे मशीन देऊन गेलेले साहेब, टीव्हीवरच्या कार्टूनची, दम लागेल अशी. तिन्ही काळ भाऊंना तोंडपाठ. घाटात जुनी, एक्स्प्रेस वेवर मधली आणि नवलाख उंबरे गावच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत कार्टूनची, अशी त्यांची विभागणी होती. अर्थ विचारला की म्हणत, "नव्या गान्याचा अर्थ, ती आली. जुन्याचा अर्थ, ती गेली. लय खोलात जायाचं न्हाई."

पुतण्याच्या हळदीत डीजे बंद पडला, तेव्हा भाऊंनी माइक घेऊन कार्टूनचं गाणं म्हटलं. पोरं नाचली. मग त्यांनी थोरल्या साहेबांचं बंदरावरचं गाणं काढलं. नवरीच्या मावशीने डोळ्याला पदर लावला. शब्द तिला एकही कळला नव्हता. भेंड्यांत मात्र भाऊंना कुणी घेत नाही. कुठलंही अक्षर आलं तरी त्यांच्याकडे जपानी गाणं तयार असतं, आणि ते खरं की खोटं हे तपासायचं कुणी?

तर मी गाणं शिकलो. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, भाऊंकडून वहीत देवनागरीत उतरवून घेऊन, गल्ल्यावर बसून. बायकोने डॉक्टरला दाखवू का विचारलं. पहिल्या रविवारी दोन ओळी म्हटल्या, तर भाऊ ओरडले, "लेन सोडली, शेठ! लेन!" सूर सुटला की लेन सोडली. एकदम वरच्या पट्टीत गेलो की इंडिकेटर दिला नाही. मी जन्मात कुणाचं ऐकून घेतलेलं नाही, पण गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. माल माझा होता ना!

मग डाव, तोही साहेबांनी गाडीत शिकवलेला. समोरच्याच्या शब्दाचं शेवटचं अक्षर घेऊन आपण नवा शब्द द्यायचा. जपानी पद्धतीचा एकच फास. 'न'वर संपणारा शब्द दिला की हरलात. भाऊंनी 'पाऊस' दिला, मी 'सामान' म्हणालो. हरलो. पुढच्या रविवारी त्यांनी 'नांद' दिला, मी 'दुकान' म्हणालो. हरलो. एकदा 'म' आला आणि मी अभिमानाने 'मशीन' म्हणालो. ज्या वस्तूसाठी खेळतो तिचं नाव घेतलं तरी मी हरतो, हा कुठला न्याय?

"तुमचा समदा धंदाच 'न'वर संपतो, शेठ," भाऊ म्हणाले. "सामान, दुकान, नुकसान."

एकदा चिडून मी 'मळवली' म्हणालो.

"गावाची नावं न्हाई चालत. शब्द परत घ्या, दुसरा द्या."

"मग मलेशिया!"

"देशबी न्हाई."

"नियम कुणाचे हे?"

"थोरल्या साहेबांचे."

मी चप्पल घालून बाहेर पडलो. मागून आवाज आला, "रविवारी या, शेठ. इचार करून ठेवतो." दर वेळी हेच. आणि दर रविवारी मी जात होतो. मला वाटायचं, मी त्यांना जेरीस आणतोय.

शेवटी रिसॉर्टवाल्याने निर्वाणीचं सांगितलं. आठवड्यात मशीन नाही आलं तर तो नवं घेणार. मी तसंच भाऊंना ऐकवलं. "पुढचा रविवार शेवटचा. सौदा झाला तर झाला, नाहीतर यादी फाडतो आणि परत या रस्त्याला येत नाही."

भाऊंनी कप उचलले आणि मोरीत जाऊन विसळत बसले. दोनच कप, पण बराच वेळ.

त्या शेवटच्या रविवारी फाट्यावर पाण्याची बाटली घ्यायला थांबलो. दुकानदार म्हणाला, "भाऊंकडं ना? आत्ताच दूध घेऊन गेले. रविवार हाय नव्हं. बाकी दिवस काळा च्या पितात."

मी ऐकून सोडून दिलं. डोक्यात सौदा होता.

गाणं मी बरं म्हटलं. एकदाही लेन सुटली नाही. भाऊंनी मान डोलावली. डाव सुरू झाला. आठ-दहा शब्द गेले. भाऊंनी 'आवाज' दिला. मी 'जहाज' म्हणालो.

भाऊ जरा वेळ ट्रंकेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जपान."

मी उडालोच. अठरा वर्षं हा खेळ खेळलेला माणूस! "हरलात! भाऊ, हरलात तुम्ही!"

"व्हय," ते उठले. "आता दाखवायलाच पायजे."

त्यांनी रुमाल काढून घडी घातली. वायर जोडली, बटण दाबलं. टीव्ही काळाच. परत दाबलं. मशीनवरचा दिवासुद्धा लागला नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आनलं त्याच राती. हितली लाईट वर-खाली. एक गाणंबी पुरं न्हाई झालं."

"म्हणजे तीन वर्षं मी मढ्याचा भाव करत होतो?"

अंगाचा भडका उडाला. तोंडाला येईल ते बोललो. लबाड म्हणालो, फसवणूक म्हणालो. राग त्यांच्यावर होता तितकाच स्वतःवरही होता. चालू करून बघितल्याशिवाय मी कधी टेबलफॅनसुद्धा घेतलेला नाही, आणि इथे तीन वर्षं रुमाल उचलून पाहिला नव्हता. साहेबांच्या बंगल्यात चालताना बघितलं, तेवढ्यावर विसंबलो.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चालू आसतं तर तुमी पयल्याच रविवारी घिऊन गेला आसता. बंद हाय म्हनलो आसतो तर दुसऱ्या रविवारी आला नसता."

मी उठलो. चपलेत पाय घातला. शेगडीवर पातेल्यात दूध तापत होतं, बाजूला दोन कप, एकाचा कान तुटलेला. कान असलेला कप तीन वर्षं माझ्या हातात येत होता. गिऱ्हाईक उठू नये म्हणून चहा मागवायचा, भाव सांगायचा नाही, उद्या या म्हणायचं. हे सगळे डाव मी गल्ल्यावर रोज खेळतो. माझ्यावर कुणी खेळलं आणि मला कळलं नाही, असं एकदाच घडलं.

दूध वर आलं. भाऊ हलले नाहीत, म्हणून मीच जाऊन शेगडी बंद केली. मग चप्पल काढून परत खाटेवर बसलो.

"'जपान' चालत नाही," मी म्हणालो.

"आं?"

"देशाचं नाव आहे. तुमच्याच थोरल्या साहेबांचा नियम. शब्द परत घ्या, दुसरा द्या."

भाऊंनी शर्टाची बाही उगाच सारखी केली. 'ज'वर या माणसाला शंभर शब्द येत असतील. बराच वेळ त्यांनी विचार केला, निदान तसं दाखवलं.

"आज सुचत न्हाई, शेठ," ते म्हणाले. "फुडल्या रविवारी दिला तर चालंल का?"

"चालेल," मी म्हणालो. "पण यादीत ते अजून माझंच आहे. लक्षात ठेवा."