साडूचा फोटो आणि सासऱ्याचे राघू

वऱ्हाडात घरी कॉम्प्युटर आणणारा पहिला माणूस कोण, हे अमरावतीत कोणी कोणाला विचारत नाही. तरी गजेंद्रभाऊ उत्तर देत. भाजी घेताना देत, दाढी करून घेताना देत, मयतीला गेले तर परतीच्या वाटेवर देत. "पयला मीच!" एवढं सांगून झालं की त्यांना जेवण गोड लागे. अशा माणसाच्या घरी एका सकाळी पेपर आला आणि त्यात त्यांच्या साडूचा फोटो होता.

साडू म्हणजे अकोल्याचे वसंतराव. गजेंद्रभाऊंची रागिणी आणि वसंतरावांची चारुशीला या सख्ख्या बहिणी, वरूडच्या जानरावांच्या लेकी. फोटोत वसंतराव एका जुन्या कॉम्प्युटरवर हात ठेवून उभे होते. शेजारी कॉम्प्युटरच्या जुन्या मासिकांची चळत, आणि वर ठळक अक्षरांत 'वऱ्हाडातला पहिला घरचा कॉम्प्युटर'. गजेंद्रभाऊंनी भिंग आणलं. सगळ्यात वरच्या मासिकावर चहाच्या कपाचा गोल डाग होता. डाग त्यांचा होता, कप त्यांचा होता, आणि मासिकही त्यांचंच होतं! वाचायला म्हणून नेलेलं आणि परत न आलेलं.

काय दिवस होते ते! राजकमल चौकातल्या स्टॉलवर ते इंग्रजी मासिक यायचं, तेव्हा गजेंद्रभाऊ ऑफिसातून पोट दुखतंय सांगून निघायचे. वरचं प्लास्टिक फाडलं की आत सीडी फुकट. लेख डोक्यावरून जायचे, पण जाहिराती त्यांना तोंडपाठ होत्या. घरी कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर, हात धुऊन आत. मशीनला रागिणीनं शिवलेलं झालरीचं कव्हर, दसऱ्याला हार आणि नारळ. वसंतराव तेव्हा दर रविवारी अकोल्याहून यायचे. पाटवडी खायला यायचे, असं गजेंद्रभाऊंना पक्कं आठवत होतं.

आणि त्याच मासिकाच्या सीडीत एकदा कुंडलीचा प्रोग्राम निघाला. गजेंद्रभाऊंनी सासऱ्यांची कुंडली पडद्यावर काढून दाखवली. जानराव तोंडाचा आ करून बघत राहिले आणि चारचौघांत म्हणाले, "हुशार जवाई भेटला मले!" तो किताब गजेंद्रभाऊ इतकी वर्षं छातीवर मिरवत होते. आता रागिणीनं माहेरची बातमी आणली की बाबांनी वसंतरावांचा फोटो कापून, काचेत बसवून ओसरीत लावला आहे. गजेंद्रभाऊंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी तडक वरूडला फोन लावला आणि सासऱ्यांना कळवलं, की रविवारी तुमच्या सहस्रचंद्रदर्शनाला मी माझा असली कॉम्प्युटर घेऊन येतो, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर तुमची कुंडली पुन्हा काढतो.

माळ्यावरून मशीन उतरवताना पाठीत चमक भरली, पण बटन दाबताच ते घरघरलं आणि चक्क सुरू झालं. गजेंद्रभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. काही बिघडायच्या आत त्यांनी ते लगेच बंद केलं. मग सीडीचा डबा उघडला. डबा रिकामा!

"त्या काय, बाबाले देल्या मी," रागिणी भाजी निवडत म्हणाली. "बगिच्यात राघू लय येत होते."

राघू संत्र्याला चोच मारतात, आणि चकाकणारी सीडी हलली की घाबरून उडतात. वऱ्हाडाच्या पहिल्या कॉम्प्युटरचं सगळं वैभव सासऱ्यांच्या बगिच्यात दोऱ्याला टांगलेलं होतं.

शनिवारी गजेंद्रभाऊ मशीन गाडीत घालून मोर्शीवरून वरूडला पोचले. सासऱ्यांचा डोळा लागलेला बघून शिडी घेऊन बगिच्यात शिरले. खालून कुठलीच सीडी ओळखू येईना, म्हणून त्यांनी एकेक करत सगळ्या काढल्या. मग बांधावर बसून पुसायला घेतल्या. एकेका चकतीवर एकेक आठवण निघत होती आणि भाऊ त्यात पार बुडून गेले होते. कुंडलीची सीडी सापडली तेव्हा त्यांनी आनंदानं वर बघितलं. झाडांवर संत्र्यांपेक्षा राघू जास्त होते!

जानराव काठी आपटत आले. संत्र्याचा व्यापारी सोमवारी बगीचा बघायला येणार होता. त्यांनी खाली पडलेली, टोचलेली संत्री बघितली, शिडी बघितली, जावयाच्या मांडीवरचा ढीग बघितला.

"जवाईबापू," ते म्हणाले, "माही कुंडली पाहून राह्यले का बगिच्याची?"

गजेंद्रभाऊ म्हणाले, एक दिवस थांबा, उद्या सगळं भरून निघेल. सीड्या परत बांधायचं मात्र त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

रविवारी मांडवात मधोमध टेबल मांडून त्यावर मशीन ठेवलं. पाहुणे खुर्च्या ओढून बसले. वसंतराव नवा सदरा घालून पहिल्या रांगेत होते, आणि जो तो त्यांना फोटोबद्दल विचारत होता. गजेंद्रभाऊंनी तिकडे बघायचं टाळलं. पडदा उजळला, मांडवात टाळ्या पडल्या. त्यांनी सीडी दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली आणि आत घालणार, एवढ्यात सासूबाई, दुर्गाबाई, ताट घेऊन पुढे आल्या. शुभकार्याला आधी हळदकुंकू नको का? त्यांनी बोट भिजवून सीडीच्या नेमक्या चकाकत्या बाजूला ठसठशीत टिळा लावला. भरल्या मांडवात सासूला नाही कोण म्हणणार? गजेंद्रभाऊंनी टिळ्यासकट सीडी आत सारली.

मशीन खोकलं. थांबलं. पुन्हा खोकलं. कुंडली काही येईना. गजेंद्रभाऊ घाम पुसत म्हणाले, जुनं मशीन आहे, जरा दम धरा. सगळ्यांनी दम धरला. बराच वेळ कोणी कशाला हात लावला नाही, आणि मग पडदा आपोआप काळा झाला. त्यावर उजवीकडून डावीकडे मोठमोठी पिवळी अक्षरं सरकू लागली.

"आली!" जानराव म्हणाले. त्यांचा चष्मा घरात राहिला होता. "वाच वं रागिणी, काय म्हणते माही कुंडली?"

रागिणीनं नवऱ्याकडे बघितलं. गजेंद्रभाऊ पडद्याकडे बघत होते. मशीन नुसतं बसून राहिलं की ही पाटी वर्षानुवर्षं त्यांच्या डोळ्यांसमोरून सरकत असे, आणि ते ती साफ विसरून गेले होते. पण बापाचा हुकूम, रागिणीला वाचावंच लागलं.

"गजूभाऊ, कशालेच हात लावू नका. मी रविवारी येतो. वसंत."

मांडवात कोणी हसलं नाही, हे फार वाईट झालं. पाटी पुन्हा उजवीकडून आली आणि पुन्हा सगळ्यांनी वाचली.

"आज वार कोन्ता हाय?" जानरावांनी विचारलं.

"रविवार," चारुशीला हळूच म्हणाली.

वसंतराव सदऱ्याच्या बाह्या सारत उठले, सीडी काढून रुमालानं कुंकू पुसू लागले. गजेंद्रभाऊ तोवर खुर्ची सोडून बाजूला झाले होते, अगदी त्या रविवारांसारखे.

"तुमी शिडी घ्या, जवाईबापू," जानराव त्यांना म्हणाले. "राघू आले."

गजेंद्रभाऊंनी सीड्यांचा ढीग उचलला आणि बगिच्याची वाट धरली. मागे मांडवात एकदम टाळ्यांचा गजर झाला, म्हणजे कुंडली निघाली असावी. शिडीवर चढून पहिली गाठ मारताना ते म्हणालेच, "पन पयला माहाच होता."

ऐकायला तेवढे राघू होते. तेही उडाले.