दावणीची फटफटी

दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी तुम्ही शेवटचं कधी विचारलं होतं? आठवत नसेल, तर राणीसावरगावात आमच्या किशनतात्यांच्या अंगणात तुमचा निभाव लागायचा नाही.

तात्या आमचे शेजारी. थोडी कोरडवाहू जमीन, बैलजोडी आणि एक फटफटी. बैल आणि फटफटी एकाच दावणीला. होय, तात्या फटफटी बांधून ठेवत. पुढच्या चाकातून दावं ओवायचं आणि खुंट्याला गाठ मारायची. कुणी हसलं की म्हणत, "ती कशाला पळती? पर बांधलेलं असलं म्हंजी लोकांला कळतं, हिला धनी हाय."

निजामाच्या राजवटीतला कुणी अंमलदार जाताना ती परभणीत टाकून गेला होता. या हातातून त्या हातात फिरत ती तात्यांकडे आली. बाजारच्या दिवशी तात्या तिच्यावर बसून गंगाखेडला जात. सुरू करण्याआधी जिभेनं टक्‌टक् करत आणि थांबवताना ब्रेक दाबून वर तोंडानंही "हो, हो" म्हणत. उन्हाळ्यात दुपारी तिच्यावर ओलं पोतं टाकत.

या फटफटीला हात लावण्याचा एक कायदा होता. मागून यायचं नाही. समोरून यायचं, मोकळा तळहात दाखवायचा आणि विचारायचं, "तात्या, हात लावू का?" आतून "इजाजत हाय" आलं की आधी पुढच्या दिव्यावर हात ठेवायचा, मग टाकीवर. मागच्या बैठकीला एकदम हात घालणाऱ्याला तात्या अंगणाबाहेर काढत.

मला हा सगळा प्रकार कुर्निसाताचा वाटे. जहागिऱ्या गेल्या, दरबार उठले, आमच्या देशमुखांच्या डोक्यावर एका रात्रीत पांढरी टोपी आली, आणि आम्ही अजून इजाजत मागायची, तीही लोखंडाला शिवायची? ज्या गावात माणसाला माणसाचा विटाळ होतो, तिथं हा नवा विटाळ कशासाठी? मी तेव्हा वर्तमानपत्रांत लिहीत असे; हे सगळं तात्यांना तोंडावरही सुनावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं भाषण? मंग आता मागं जा आन् समोरून ये."

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. तात्यांचा कायदा सगळ्यांना सारखा होता. देशमुखांनी एकदा मागून येऊन टाकीवर काठी टेकवली, तर तात्यांनी ती दोन बोटांनी उचलून भिंतीला लावून ठेवली. देशमुख पुन्हा त्या अंगणात आले नाहीत. उलट मेंढरं वळणाऱ्या भागूबाईनं लांबूनच तळहात दाखवून विचारलं, तर तिला भोंगासुद्धा वाजवायला मिळाला. मेंढरं ओढ्यापार गेली. ती गोळा करायला तात्या स्वतः धावले.

फक्त गयाकाकू, म्हणजे तात्यांच्या कारभारीण, या कायद्याला भीक घालत नसत. एकदा त्या फटफटीवर गोधडी वाळत घालत होत्या. तात्या म्हणाले, "इचारलंस का?"

"मला या घरात आणलं तवा मला कुणी इचारलं व्हतं?"

 दुसऱ्या दिवसापासून तात्या चुलीपुढं बसताना विचारू लागले, "भाकर घेऊ का?" काकू कपाळाला हात लावून म्हणत, "घ्या, सरकार, घ्या."

त्याच सुमारास आमचा जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला. आम्हाला ते हवंच होतं. तालुक्याचे साहेब मात्र नवे आले, पुण्याकडचे. एकदा दौऱ्यावर असताना त्यांची जीप ओढ्याच्या काळ्या मातीत रुतली. दुपारी गंगाखेडला बैठक. त्यांनी कोतवालाला फटफटी आणायला पाठवलं.

कोतवाल गावचाच. समोरून आला, तळहात दाखवला, विचारलं.

"तुला कशाला पायजे?" तात्या म्हणाले.

"मला न्हाई, सायबाला."

"मंग सायबानं इचारावं."

कोतवाल गेला आणि साहेबांनाच घेऊन आला. मागं अर्धं गाव. साहेब सरळ मागून आले आणि बैठकीवर हात टाकला.

"मागून येऊ नका, सायेब."

"का हो? लाथ मारते की काय?"

लोक हसले. मीही हसलो. तात्या हसले नाहीत. त्यांनी दावं हाताला गुंडाळून घेतलं होतं.

"सोडा ते," साहेब म्हणाले. "सरकारी काम आहे."

एवढं ऐकलं आणि तात्यांचा चेहरा पांढरा पडला. दावं घट्ट झालं. आता हा माणूस तुरुंगात जाईल, असं मला वाटलं. तेवढ्यात दारातून गयाकाकू म्हणाल्या, "सायेब, एक डाव समोरून येऊन इचारा की. तुमचं काय जायलंय त्यात?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. चिडून वळसा घातला, समोर आले आणि हात पुढं केला. "हात लावू का?"

तात्यांनी गाठ सोडली. दिव्यावरून हात फिरवला. "घेऊन जावा. उताराला जरा वढाळ हाय, सांभाळा."

फटफटी गेली. लोक पांगले. तात्या मोकळ्या खुंट्याजवळ दावं मांडीवर घेऊन बसले. काकूंनी आणलेली भाकर तशीच राहिली. मी जवळ बसलो.

"इथं माझी घोडी ऱ्हायची," ते म्हणाले. "गडबडीच्या सालात बंदुका घेऊन मानसं आली. सरकारी काम हाय म्हनले. मागून आले, ती बिचकली, तिला मारलं, वढत नेली. नाव घिऊन हाका मारायलो तर मान वळवून वळवून बघायली माझ्याकडं."

मी पेटलो. "कोण होते? रझाकार की भारताची फौज? कोणत्या बाजूचे?" कुणाविरुद्ध लिहायचं ते मला हवं होतं.

"बाजू घोडीला काय कळती?" तात्या दाव्याच्या गाठी चाचपत म्हणाले. "इचारलं असतं तर दिली असती रे. समोरून कसं यावं, आदी कपाळावर कसा हात ठिवावा, समदं सांगून दिली असती. कुणी इचारलंच न्हाई."

उन्हं कलली तेव्हा लांबून फटफट ऐकू आली. तात्या ताडकन उठले, दारापर्यंत गेले आणि जिभेनं टक्‌टक् केलं.

तेव्हा माझी एक विनंती आहे. आमच्या गावाला या किंवा येऊ नका. पण दुसऱ्याच्या दावणीला जे काही बांधलेलं असेल, त्याला हात घालण्याआधी समोरून या, तळहात मोकळा दाखवा, विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. तोंडात "सरकारी काम" हे शब्द असतील, तर दोनदा विचारा.