सुरगाठ आणि निरगाठ

कचेरीच्या भिंतीवरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यात पोन्ता नावाचा एक गुबगुबीत तानुकी, जपानी गोष्टींतला ढेरपोट्या रानकुत्रा, राहत असे आणि त्या दिवशी सकाळपासून तो घाम पुसत होता.

पोन्ताचं काम कोड मोजण्याचं. प्रोग्रॅममध्ये कुठे गुंता झाला आहे, कुठे तेच ते पुन्हा लिहिलं आहे, हे तो दिवसभर हुंगत फिरे. कोड सुटसुटीत असला की पोट बडवत नाचे, गुंता वाढला की घामाघूम होई आणि अगदीच असह्य झालं की झाडाच्या पानाआड तोंड लपवून रडे. कचेरीचे मालक असलेल्या कुवाहारासाहेबांनी त्याला मोठ्या हौसेनं विकत आणलं होतं आणि तेव्हापासून कानाझावातल्या त्या चिमुकल्या कचेरीत सगळ्यांची मनःस्थिती तानुकीच्या मनःस्थितीवर चाले.

तिथे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मिकागे तोरिगोए हिला तर मुळातच गुंता बघवत नसे. इस्त्रीची वायर असो, बुटाची नाडी असो, नाहीतर मैत्रिणीची प्रेमप्रकरणं असोत, काही सुटं करता आलं की तिचा जीव सुटा होई. त्या सकाळी तिनं हात्सुसेयाचा प्रोग्रॅम उघडला. हात्सुसेया म्हणजे गावातलं चहाचं आणि भेटवस्तूंचं जुनं दुकान. कचेरीची चूल मुख्यतः त्यांच्याच कामावर पेटत होती. लोकांनी मागवलेल्या भेटींची नोंद घ्यायची आणि खोक्यावर गुंडाळायचा, लाल-पांढऱ्या दोरीच्या गाठीचं चित्र असलेला कागद छापायचा, एवढं त्या प्रोग्रॅमचं काम.

"उशिओदा-सान, ही दोन फंक्शनं जुळी आहेत का हो?"

शेजारच्या टेबलावर निवृत्तीला टेकलेले उशिओदा बसत. हा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिलेला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"जुळीच म्हणायची. पहिलं लिहिलं, दुसरं त्याचं कॉपी-पेस्ट."

"पण का?"

"दुपार होती. जेवण झालं होतं."

"एवढ्या पसाऱ्यात फरक फक्त एका ओळीचा आहे. इथे तीन, तिथे आठ. हा आठ कशाचा?"

"आता काय सांगू बाई? बोट घसरलं असेल."

"तीनावरून आठावर?"

"तेव्हाचे कीबोर्ड फार गुळगुळीत असायचे."

मिकागेनं आठ पुसला, तीन ठेवला आणि दोन ओढे एका पात्रात सोडावेत तशी ती दोन फंक्शनं एक केली. टेस्ट चालवल्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. पडद्यावर पोन्तानं घामाचा रुमाल भिरकावून दिला आणि पोट बडवत असा काही नाचला की कुवाहारासाहेब आपल्या खोलीतून बाहेर आले.

"वा! याला म्हणतात रिफॅक्टरिंग! शिका काहीतरी तोरिगोएकडून."

"माझं अर्धं आयुष्य खोडलं पोरीनं," उशिओदा चहा ओतत म्हणाले, "आणि तानुकी नाचतोय."

त्या आठवड्यात मिकागे घरी जाताना गुणगुणत जायची. पुढच्या आठवड्यात मात्र कचेरीत एक फोन आला. दुकानानं तो इकडे वळवला होता. इसुरुगी नावाचे कुणी निवृत्त मुख्याध्यापक बोलत होते.

"पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन मी घरी आलोय."

"अभिनंदन, अभिनंदन!" कुवाहारासाहेब फोनला वाकून नमस्कार करत म्हणाले.

"ते नंतर. दवाखान्यात भेटायला आलेल्यांना मी हात्सुसेयातून चहाचे डबे पाठवले. त्यावर सुरगाठ छापून गेलीय! माझ्या मेव्हण्याचा आत्ताच फोन आला. म्हणतो, भावजी, पुढचं ऑपरेशन कधी?"

सुरगाठ ओढली की सुटते आणि पुन्हा बांधता येते. म्हणून ती बाळाच्या जन्माला, सणासुदीच्या भेटीला. पुन्हा पुन्हा दारी यावं, अशा सुखाला. बरं झालेल्या आजाराला आणि लग्नाला मात्र निरगाठ. एकदा झालं ते झालं, पुन्हा नको. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मिकागेलाही होतं. फक्त त्या निरगाठीचं नाव प्रोग्रॅममध्ये 'आठ' आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"तरी म्हटलं, टेस्ट हिरव्या कशा," उशिओदा पुटपुटले. "त्या मी नातीच्या जन्माच्या दिवशी लिहिल्या होत्या. त्या दिवशी जगात नुसती बाळंच जन्मत होती. लग्न नि आजार टेस्टमध्ये आलेच नाहीत."

चूक झाली की खाऊचा डबा घेऊन दारात जायचं आणि कमरेत वाकायचं, ही रीत. साहेबांनी घाईघाईनं हात्सुसेयातूनच डबा मागवला. दुकानाचाही मान राहील, असा त्यांचा हिशेब. दुपारी ते आणि मिकागे इसुरुगींच्या दारात उभे राहिले, काटकोनात वाकले आणि साहेबांनी रुमालात बांधलेला डबा पुढे केला. माफीच्या डब्यावर खरं तर गाठच नको. पण प्रोग्रॅमला आता एकच गाठ येत होती.

इसुरुगींनी रुमाल सोडला आणि चष्मा नीट केला.

"अस्सं! म्हणजे ही चूकसुद्धा पुन्हा पुन्हा घडो!"

साहेब वाकले होते ते वाकलेलेच राहिले. वर येण्यात काही अर्थ उरला नव्हता. मिकागे पायपुसण्याकडे टक लावून उभी होती. मग वरून एक विचित्र आवाज आला. मुख्याध्यापक पोट धरून भिंतीला टेकले होते.

"हसवू नका हो... टाके ओढतात! जा तुम्ही, जा लवकर!"

परतीच्या बसमध्ये साहेब बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते.

"तोरिगोए."

"हो साहेब?"

"हात्सुसेयाच्या मालकीणबाईंचं रविवारी लग्न आहे."

"हो ना साहेब. किती छान."

"आपण काल भेट पाठवली. कपांची जोडी. त्यांच्याच दुकानातून."

लग्नाच्या भेटीवर सुरगाठ! लग्न सुटो, पुन्हा होवो, पुन्हा सुटो. आणि तेही कुणाला? पुढल्या महिन्यात करार चालू ठेवायचा की मोडायचा, हे ज्यांच्या हातात आहे त्या बाईंना. चूल विझली तर उशिओदांची निवृत्ती, साहेबांचं घर, कोपऱ्यातला पोन्ता, सगळ्यांवर पाणी. एका आठापायी.

"मी जाते साहेब. मी केलंय."

कचेरीत येताच तिनं दोन्ही फंक्शनं पुन्हा वेगळी केली. पोन्ता लगेच घाम पुसू लागला. त्याच्याकडे पाठ करून तिनं निरगाठीचा एक कागद छापला, जपून गुंडाळला आणि निघाली. बाईंनी भेट अजून उघडली नसेल तर हळूच कागद बदलायचा, असं तिनं वाटेत ठरवलं होतं. वारा होता, नदीकाठच्या विलोच्या फांद्या एकमेकींत अडकत होत्या आणि आपोआप सुटत होत्या. तिला त्यांचा हेवा वाटला.

दुकानाच्या मागच्या खोलीत भाजलेल्या चहाच्या काड्यांचा वास भरून राहिला होता. मालकीण हात्सुसेबाई चटईवर बसल्या होत्या. साठी ओलांडलेली बाई, ताठ कणा, केसांत रुपेरी पट्टा. समोर कपांची जोडी उघडी आणि मांडीवर तो कागद.

मिकागेनं कपाळ चटईला टेकवलं.

"बाई, चूक माझी आहे. साहेबांचा काही दोष नाही. दोन फंक्शनं सारखी दिसली, मी त्यांचं एक केलं."

"सारखी होती?"

"एका ओळीचा फरक होता."

बाई म्हणाल्या, "माझ्या दोन लग्नांत तरी आणखी काय आहे गं? तेच देऊळ. तोच पुजारी, फक्त आता त्याला कमी ऐकू येतं. तीच मी. एका ओळीचा फरक."

मिकागेनं डोकं वर केलं. बाईंनी हनुवटीनं कोपरा दाखवला. तिथे भेटींची खोकी रचून ठेवली होती आणि एकूण एक खोक्यावर निरगाठ.

"पहिल्या लग्नातही अशीच रास होती. सगळे सांगत होते, सुटायची नाही, सुटायची नाही. आणि खरंच सुटली नाही. ते गेले तरी सुटली नाही. कितीतरी वर्षं मी दुकान बंद करून इथे बसायची आणि ती उकलायला नखं लावायची." त्यांनी मांडीवरचा कागद हातानं सपाट केला. "आता पुन्हा तेच खोकं, तीच गाठ. रास बघितली की धाप लागते मला. त्यात तुमची तेवढी हलकी आली. मला वाटलं, चला, कुणाला तरी कळलं."

मिकागेला खोटं बोलता येत नसे. "आम्हाला नव्हतं कळलं, बाई."

"ते दिसतंय. तुझ्या हातात दुसरा कागद आहे."

मिकागेनं कागद पाठीमागे लपवला. बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी किमोनोच्या बाहीनं डोळे टिपले.

"तो तिकडे राशीवर ठेव. हा माझा मला राहू दे. आणि साहेबांना सांग, करार चालू राहील. पण काम वाढवून देतेय. दुसरेपणानं लग्न करणाऱ्यांसाठी वेगळी सोय हवी. कुठली गाठ हवी ते त्यांनाच विचारायचं. आणि विचारताना जरा हळू विचारायचं, दरडावून नाही. जमेल ना तुमच्या यंत्राला?"

"जमवते, बाई."

दुसऱ्या दिवशी मिकागेनं आधी टेस्ट लिहिल्या. जन्माची, लग्नाची, आजारातून उठलेल्याची. मग तीन पुसून तिथे 'सुरगाठ' लिहिलं, आठ पुसून 'निरगाठ'. शेजारून उशिओदा डोकावले आणि म्हणाले, "अरेच्चा, हे मलाही सुचायला हवं होतं." आता दोन्ही फंक्शनं रीतसर एकत्र आणायची, त्यातच तिसरी सोय बसवायची, सगळं कसं नीट, सुटसुटीत. तिनं बाह्या सरसावल्या. मग आठवलं, दुकान बंद व्हायच्या आत हे तिकडे पोचवायचंय, रविवारच्या लग्नाआधी. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं आणि डब्यातला भात पोटात जड झाला होता.

थोड्या वेळानं पानाआडून हुंदके ऐकू येऊ लागले. कुवाहारासाहेब बाहेर आले. त्यांनी आधी पोन्ताकडे पाहिलं, मग मिकागेच्या पडद्याकडे.

"तोरिगोए, हे तिसरं?"

"हो साहेब."

"दुसऱ्याचं कॉपी-पेस्ट?"

"हो साहेब. सोमवारी आवरते."

"पण का?"

मिकागेनं उशिओदांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि खिडकीबाहेर बघू लागले.

"दुपार होती साहेब," ती म्हणाली. "जेवण झालं होतं."

साहेबांनी भिंतीजवळची रबराच्या झाडाची कुंडी दोन्ही हातांनी उचलली आणि पानं पोन्ताच्या तोंडापुढे येतील अशी हळूच ठेवली.