विषाला दिलेली मुदत

एका जंगलात, मुलांनो, तळं एकच होतं. पण त्याला मंत्री होता. जलमंत्री रानडुक्कर.

तळ्याकाठी तरसाचा कातडी कमावण्याचा कारखाना होता. कातडी कुणाची, ते विचारायचं नाही. एका सकाळी कारखान्यातलं विष तळ्यात सुटलं. चुकून सुटलं, असं तरस म्हणाला. म्हणजे चुकूनच सुटलं.

साळिंदर मास्तरांनी पाणी तपासलं. विष ऐंशी भाग. पाच भागांवर आलं की पाणी पिता येणार होतं. आठ दिवसांनी पुन्हा मोजलं, तर चाळीस.

"म्हणजे आणखी आठ दिवसांत शून्य," मंत्री म्हणाले. "सोळाव्या दिवशी तळं खुलं करू. हार सांगून ठेवा."

"साहेब, तसं नसतं," मास्तर म्हणाले. "विष जितकं कमी उरतं, तितका ते विरण्याचा वेगही कमी होतो. दर आठ दिवसांनी उरलेल्याचं निम्मं. चाळीसचे वीस, मग दहा, मग पाच. एकूण बत्तीस दिवस लागतील."

"पहिले चाळीस भाग आठ दिवसांत गेले ना? मग हे चाळीस काय संपावर जाणार आहेत?"

सभा हसली. जाणकार बोलला की सभेने हसायचं असतं, मुलांनो.

एक हरणी हसली नाही. तिचं पाडस पानांवरचं दव चाटून जगत होतं. दूरच्या झऱ्यापर्यंत चालायची ताकद त्याच्यात नव्हती.

"मास्तर, बत्तीस दिवस ते काढणार नाही हो."

"बाई, काहीही करून झऱ्यावर न्या त्याला. मी पाठीवर घेतलं असतं, पण माझी पाठ ही अशी."

"मंत्री तर सोळा म्हणतात."

"मंत्र्यांनी पाणी मोजलेलं नाही."

"पण ते मंत्री आहेत ना," हरणी म्हणाली.

सोळाव्या दिवशी फीत कापली. पाण्यात वीस भाग विष होतं. मंत्र्यांनी भाषण केलं आणि घरून आणलेलं पाणी प्यायलं. पाडस तळ्याचं प्यायलं. पोटभर. संध्याकाळी हरणी त्याला उठवत राहिली. ते उठलं नाही.

चौकशी मात्र झटपट झाली. निष्कर्ष असा: विष वेळेत निघालंच होतं, मास्तरांच्या नकारात्मक बोलण्यामुळे ते रेंगाळलं. मास्तर हद्दपार झाले. साक्षीदार म्हणून कागदावर हरणीच्या खुराचा ठसा घेतला. कागदात काय लिहिलंय, ते तिला कुणी वाचून दाखवलं नाही.

तात्पर्य: विष कुणाचा हुकूम मानत नाही, म्हणून हुकूम नेहमी पिणाऱ्यांना द्यावा. आणि ज्याला हिशेब कळतो, त्याने तो मनात ठेवावा व गुपचूप झऱ्याकडे निघावं.