साडूची माडी

आपल्याला कुणाचाही हेवा वाटत नाही, असं हिलाल पाटील तळोद्याच्या भर बाजारात छातीवर हात ठेवून सांगत असे, आणि एक साडू सोडला तर ते खरंही होतं. मामलेदार घोड्यावरून गेला तर हिलाल म्हणे, जाऊ दे, बिचाऱ्याला सरकारची चाकरी आहे. शेठजीने गावात पहिला रेडिओ आणला, तेव्हाही हिलाल शांत झोपला. पण साडूने नवा जोडा घातला की इकडे हिलालचा स्वतःचा जोडा चावायला लागे.

साडू म्हणजे भिला. हिलालच्या बायकोच्या, सिंधुबाईच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. तापीकाठच्या एका गावातला मोठा बागायतदार. रंगाने गोरा, बोलायला गोड, आणि सदा हसतमुख. ह्या हसण्याचाच हिलालला फार राग येई. सासुरवाडीला दोघं जावई एकदम जेवायला बसले तर भिलाच्या पोळीवर तूप जास्त पडतं, असा त्याचा पक्का समज होता. सिंधुबाई एकदा म्हणाली, तूप मीच वाढलं होतं, दोघांना सारखंच वाढलं. तेव्हापासून हिलालचा बायकोवरचाही विश्वास थोडा कमी झाला.

तर दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. हिलालचं घर बैठं, पण ऐसपैस. रुंद ओटा, त्यापुढे अंगण, अंगणात निंब. त्याच्या भिंतीला भिंत लावून बशीर पिंजाऱ्याची माडी होती. खाली बशीरचं बिऱ्हाड, वर कापूस आणि गाद्यांचं काम. बशीरचा मेव्हणा खांडबाऱ्याला स्टेशनजवळ धंदा करत होता. त्याच्या जोडीला जायचं म्हणून बशीरने माडी विकायला काढली. आता रीत अशी की घर काढलं तर आधी भिंतीच्या शेजाऱ्याला विचारायचं. तो नको म्हणाला की मग गाव मोकळं. त्याप्रमाणे बशीर ओट्यावर येऊन बसला.

"हिलालभाऊ, माडी काढी ऱ्हायनू. शेजारना हक पहिला, म्हनीसन तुम्हले इचारस."

"माले काय करनी शे माडी?" हिलाल ऐटीत म्हणाला. "जमीनवर बठेल मानूस शे मी. कोनले बी दे, मन्ही खुशी शे."

बशीर त्याला चांगला शेजारी म्हणून गेला. आपण किती मोठ्या मनाचे आहोत, ह्याचा हिलालला पुढचे आठ दिवस आनंद होत राहिला.

नवव्या दिवशी तो शेतातून परत येत होता. सहज वर पाहिलं आणि गल्लीतच थांबला. बशीरच्या माडीवर, अंगणाकडच्या खिडकीत, भिला उभा होता! दोन्ही हात पसरून तो खोलीत काहीतरी मोजत होता. बशीर शेजारी मान हलवत होता. मग भिला खिडकीतून वाकला, हिलालच्या अंगणात निरखून पाहिलं आणि हसला.

हिलालने लगेच अर्थ लावला. साडू माडी घेतोय! आपल्या भिंतीला भिंत लावून, आणि तीही आपल्या डोक्यावर. म्हणजे आपण खाली अंगणात आंघोळ करणार आणि हा वरून बघणार. आपण भाकर खाणार आणि हा वरून बघणार. सासरे तळोद्याला आले की आधी जिना चढणार. सगळं गाव म्हणणार, धाकटा जावई वर आणि थोरला खाली. नुसत्या कल्पनेनेच हिलालची मान दुखायला लागली.

साडूला सरळ विचारलं असतं तर काम तिथेच संपलं असतं. पण विचारलं की आपल्याला फिकीर आहे हे कळणार. बशीरकडे जायची सोय नव्हती, कारण त्याला नको म्हणून मोकळा झाला होता. बायकोला सांगावं तर ती बहिणीला सांगेल. हिलालने फेटा बांधला आणि तडक चुनीलाल दलालाचं दुकान गाठलं.

"बशीरनी माडी माले पाहिजे."

"पन पाटील, तुम्ही तर नही म्हनेल व्हतात."

"म्हनीसनच तुन्हाकडे उनू. मन्हं नाव कोनले कळाले नको."

चुनीलाल दुखावल्यासारखा दिसला. घरांच्या सौद्यात त्याचा एकच नियम होता आणि तो साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होता. घर कुणाचं आहे ते सगळ्यांना सांगायचं, पण घेणाऱ्याचं नाव गूळ वाटला जाईपर्यंत बाहेर काढायचं नाही. नाहीतर सौद्याला दृष्ट लागते. आणि एकदा दोघांनी गूळ तोंडात टाकला की सौदा पक्का, मग आकाश कोसळलं तरी माघार नाही.

"गूळ वाटाना पहिले लेनारनं नाव मी मन्ह्या बाईले बी सांगत नही," तो म्हणाला. "पन माडी महाग शे. तुम्हनाकडे तितला पैसा शे का?"

इथे हिलाल अडला. पैसा शेतात होता, म्हणजे अजून उगवायचा होता. खिडकीत हसणारा भिला मात्र डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"मन्हं घर काढ," हिलाल म्हणाला.

घरी सिंधुबाईने हे ऐकलं आणि हातातली परात खाली ठेवली. "आहो, चांगलं भरेल घर काबर काढी ऱ्हायनात?"

"माडीवर हवा ऱ्हास."

"हवा खावाकरता कोनी घर इकस का?"

बहिणीला ह्यातलं काही कळवायचं नाही अशी तिला शपथ घालून हिलाल बायकांना व्यवहारातलं काही कळत नाही असं म्हणाला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. ओटा गार होता, निंबावरून वारा येत होता. पण त्याचं लक्ष सगळं शेजारच्या खिडकीकडे.

चुनीलालने पंधरा दिवसांत दोन्ही कामं जमवली. तोवर माडीचा भाव वर गेला होता, कारण घेणारा उतावीळ आहे हे चुनीलालने बशीरला नाव न सांगता सांगितलं होतं. घराचा भाव थोडा खाली आला होता, कारण विकणाराही उतावीळच होता. हिलाल दोन्हीला हो म्हणाला. ठरल्या दिवशी दुकानात गुळाची ढेप फोडली गेली. आधी माडीचा सौदा. आतल्या पडद्यामागे हिलालने आणि बाहेर बशीरने गूळ तोंडात टाकला, मग चुनीलालने नाव जाहीर करून हिलालला बाहेर बोलावलं.

बशीर बघतच राहिला. "हिलालभाऊ, तुम्ही? मंग त्या दिन नही काबर म्हनात? तवय लेतात तर सस्ती पडती."

"पडू दे महाग," हिलाल ऐटीत म्हणाला. "साडूना डोया व्हता तिन्हावर. त्याना तोंडना घास काढा मी."

"कोना साडू? भिलाभाऊ?" बशीरला काही कळेना. "ते कसाले माडी लेतीन? त्यास्नी पोरनं लगीन शे, गाद्या भराले टाकेल शेतस. कापूस वरते ऱ्हास, म्हनीसन वरतेच मोजं."

हिलालच्या तोंडात गूळ तसाच राहिला. तो गिळावा की थुंकावा, हे त्याला ठरवता येईना. पण थुंकून काही उपयोग नव्हता, गूळ तोंडात गेला तेव्हाच सौदा पक्का झाला होता.

"मंग अंगनमा देखीसन हासना कसाले?" त्याने कसंबसं विचारलं.

"निंब देखीसन. बोलना, साडूभाऊनं घर म्हंजे सोनं शे. आपलं नशीब नही."

तेवढ्यात चुनीलालने दुसरी ढेप पुढे केली. आता हिलालच्या घराचा सौदा. हिलालच्या मनात आलं, उठून पळावं. पण घर विकल्याशिवाय माडीचा पैसा येणार कुठून? त्याने डोळे मिटले आणि राहत्या घराचा गूळ गिळला. आयुष्यात इतका कडू गूळ त्याने खाल्ला नव्हता. पडदा बाजूला झाला आणि मागच्या दाराने नुकताच आत आलेला घेणारा गूळ चघळत बाहेर आला. गोरा, हसतमुख, पायात नवा जोडा.

"साडूभाऊ," भिलाने येऊन त्याचे दोन्ही हात धरले, "तुम्हनं घर निंघनं हाई चुनीलालनी सांगं. मी म्हनं, काही अडचन व्हई, पन तुम्ही सांगाव नहीत. घर परकाना हातमा जावाले नको, म्हनीसन मी लिधं. पोऱ्यानी शाळा बी आठेच शे."

आता ह्याला काय म्हणावं? शिवी दिली असती तर हिलालने परत शिवी दिली असती. भाव पाडून घेतलं असतं तर गावभर सांगत फिरला असता. पण हा माणूस त्याच्यावर उपकार करायला आला होता, तेही पोरीचं लग्न त्याच वर्षी असताना. हिलालला रडू आलं. भिलाला वाटलं, साडूचा गळा भरून आला. त्याने हिलालला आणखी एक खडा खाऊ घातला.

पुढच्या महिन्यात बिऱ्हाडं हलली. साडूच्या वर राहायचं म्हणून हिलालने बिऱ्हाड वरच्या मजल्यावरच थाटलं. माडीवर हवा होती खरी, पण उन्हाळ्यात पत्रा तापला की ती हवा भट्टीतून आल्यासारखी येई. जिना इतका उभा की हिलाल चार पायांनी चढायचा. फटीफटीतून बशीरचा जुना कापूस निघे आणि हिलाल शिंका देत बसे. आणि खिडकी उघडली की समोर काय? ते घर. सकाळी भिला ओट्यावर चहा पीत बसलेला. दुपारी निंबाखाली त्याची बाज. संध्याकाळी अंगणात पाण्याचा सडा, आणि मातीचा वास माडीपर्यंत येई. गावातली माणसं येता-जाता त्या ओट्यावर टेकत, आणि जिना बघून माडीकडे कुणी फिरकत नसे. सिंधुबाई तर दिवसभर खालीच, बहिणीकडे.

हिलाल खिडकीत उभा राहून बघत राही. आपलं घर इतकं चांगलं आहे, हे त्याला जन्मात कळलं नव्हतं. ते साडूचं झाल्यावरच दिसलं. इतका जीव त्याचा कशावरच जळला नव्हता. अखेर त्याने चुनीलालला वर बोलावलं.

"ते खालनं घर इकाऊ शे का, सहज इचारी ये. मन्हं नाव काढू नको."

चुनीलाल गेला आणि चहा पिऊन परत आला. "घर देवाले तयार शेतस. पैसा नको म्हनतस. बदलामा माडी पाहिजे."

"तू मन्हं नाव सांगं?"

"नही. एक गिऱ्हाईक शे, इतलंच म्हनं. ते हासनात, बोलनात, साडूभाऊले सांग, दिनभर खिडकीमा उभं ऱ्हाईसन पाय दुखतस व्हतीन. त्यास्ले खाले येवाले सांग, मी वरते जास."

हिलालने मनात हिशेब मांडला. म्हणजे भिला वर आणि आपण खाली. ज्या एका गोष्टीच्या भीतीने घर विकलं, नेमकी तीच गोष्ट आता आपल्याच हाताने करायची. नाही म्हणावं तर ही भट्टी, ह्या शिंका, आणि डोळ्यांपुढे रोज तो ओटा. रात्रभर विचार करून त्याने सकाळी बायकोला सल्ला विचारला.

"माले काय इचारतस?" सिंधुबाई म्हणाली. "मन्हा भांडा कालदिनच खाले ग्यात."

असा तिसरा सौदा झाला, आणि त्याचीही दलाली चुनीलालने दोन्हीकडून घेतली. हिलाल आपल्या घरी परत आला. पहिल्याच दिवशी त्याने अंगणात निंबाखाली पाट मांडला, डोक्यावरचा फेटा काढून ठेवला, भाकर कुस्करली आणि कितीतरी महिन्यांनी सुखाचा घास घेतला. तोच वरची खिडकी उघडली.

"साडूभाऊ," भिला अगदी काळजीने म्हणाला, "तुम्हना डोकाना मधमा टक्कल पडी ऱ्हायनं. खालतून नही दिसत, पन आठेतून चांगलं दिसस. आवळानं तेल लावा."

तेव्हापासून हिलाल पाटील स्वतःच्या अंगणातसुद्धा फेटा बांधून जेवू लागला.