पायलटला विचारलं का?

आकाशात विमानाचा आवाज आला की आमचे खैरनारकाका असतील तिथे उभे राहत, शर्टाचं वरचं बटण लावत आणि विमान दिसेनासं होईपर्यंत अंगठा वर धरत. एकदा तर अर्धी दाढी झालेली असताना ते सलूनमधून टॉवेलसकट रस्त्यावर आले. न्हावी वस्तरा धरून तसाच थांबला.

काका ओझरच्या धावपट्टीवर तीस वर्षं कामाला होते. विमान सुटण्याआधी सगळं ठीक असल्याची शेवटची खूण पायलटला तेच करायचे. नोकरी सुटली, खूण काही सुटली नाही. गावात कुणी काहीही करायला निघालं की त्यांचा एकच प्रश्न, "पायलटला विचारलं का?" पतंग उडवणाऱ्यांना विचारणं मी समजू शकतो. मी गच्चीवर पाण्याची टाकी बसवली तेव्हाही त्यांनी हेच विचारलं.

माझी द्राक्षबाग विमानं उतरतात त्याच वाटेखाली. दोन हजार सात साल असेल. मण्यांत गोडी भरली की संध्याकाळी पाखरांचे थवे उतरायचे आणि बघता बघता ओळ फस्त करायचे. मेहुण्याने मुंबईहून हिरवा लेसर आणून दिला. बटण दाबलं की पाखरं भुर्रकन पळायची, मी खूश. तिसऱ्या दिवशी उडालेल्या थव्यामागे मी तो किरण आभाळात फिरवत होतो, आणि नेमकं तेव्हाच एक विमान उतरायला आलं. काका बांधावरून एका पायात चप्पल अशा अवस्थेत धावत आले आणि त्यांनी लेसरवर आपली टोपी कोंबली.

एवढासा तर ठिपका आहे, असं मी म्हणालो.

"तुझ्या हातात ठिपका. तिथे पोचेपर्यंत काचभर उजेड होतो," काका धापा टाकत म्हणाले. "उतरताना पायलटला काही दिसलं नाही, तर पुढे काय, हे मी सांगायला हवं?"

मला वाईट वाटलं, पण रागही आला. वर्षभराची मेहनत पाखरांच्या घशात घालू का, असं मी चिडूनच विचारलं. काकांनी लेसरवरची टोपी काढून डोक्यावर घातली.

"पाखरं मी हाकतो," ते म्हणाले.

दोन दिवसांचं वेड असेल, असं मला वाटलं. पण काका रोज सकाळ-संध्याकाळ हजर. तेलाचा रिकामा डबा गळ्यात अडकवून ओळीओळीने बडवत फिरायचे. विमान आलं की डबा थांबायचा, बटण लागायचं, अंगठा वर जायचा. तेवढ्यात पाखरं हात मारून घ्यायची. "पाखरांना इमानाचा टाइम पाठ झालाय," असं माझी बायको सुमन म्हणायची. तरी चहा झाला की पहिली हाक काकांनाच.

माल चांगला निघाला. मार्चमध्ये बाग रिकामी झाली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी पुन्हा डबा ऐकू आला. बाहेर येऊन बघतो तर काका मोकळ्या वेलींमधून फिरत होते.

"काका, द्राक्षं तर गेली ना?"

ते ओशाळले. गळ्यातला डबा काढून त्यांनी हातात घेतला. "तुझी काकू गेल्यापासून चहाला हाक मारणारं कुणी नाही रे. इथे सुमन मारते."

मला भरून आलं. मी म्हणालो, आता छाटणी होईल, कोवळी फूट येईल, तिच्यावरही पाखरं बसतात, तेव्हा डबा घरी नेऊ नका. फुटीला पाखरं तोंडसुद्धा लावत नाहीत. सगळा जन्म द्राक्षांच्या गावात काढलेल्या काकांना हे माझ्याइतकंच ठाऊक होतं.

त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"मग उद्या सातला येतो," ते म्हणाले.